खबर देणाऱ्याचं नाव

डहाणू रोड,
९ डिसेंबर २०२४

श्रीमती मुक्ता मेहेर यांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, तो लिहिला आहे असं समजा.

तुमच्या मानवी हक्क संशोधन केंद्राचं शोकपत्र मिळालं. त्यात माझ्या यजमानांना 'वंचितांचा दीपस्तंभ' म्हटलं आहे. दौलत राऊत तुमच्याकडे चौदा वर्षं पगारावर काम करत होते. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर जाऊन लोकांच्या जबान्या लिहून आणत होते. दीपस्तंभाला ताप येत नाही. ह्यांना आला होता आणि नऊ दिवस होता.

तलासरीच्या बैठकीला जाऊ नका असं मी त्या दिवशी सांगितलं होतं. "मुक्ताताईंनी तारीख दिलीय," असं म्हणून गेले. दुपारी तिथे चक्कर येऊन पडले. तुमच्या प्रितमने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं, पडू नयेत म्हणून टॉवेलने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि घरी आणून सोडलं. तलासरीत सरकारी दवाखाना आहे. माणूस आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेतात, घरी आणून टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी वापीला मी नेलं. तिथे चौथ्या दिवशी गेले. मी अठ्ठावीस वर्षं नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आहे. माझ्या माणसाची नोंद मात्र वापीच्या वहीत, गुजरातीत झाली.

शोकसभा घ्यायची असेल तर घ्या. मी येणार नाही, फोटोही देणार नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात जुना चष्मा, डबा आणि छत्री असेल. ते शिपायाबरोबर पाठवावं. प्रितमला पाठवू नये.

फोन करू नये. फोनवर बोललेलं नंतर कोणी मान्य करत नाही.

जयमाला दौलत राऊत


डहाणू,
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय जयमालाबाई,

चष्मा, डबा, छत्री आणि एक स्वेटर पाठवत आहे. मिळाल्याची सही शिपायाकडे द्यावी.

तारीख मी दिली होती, हे खरं आहे. ताप आहे हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, हेही खरं आहे. प्रितमने दवाखान्याचं विचारलं तेव्हा "घरी चल, जयमाला बघेल" असं राऊत सर स्वतः म्हणाले. तुमचा विश्वास बसणार नाही हे मी धरून चालते, तरी लिहून ठेवते.

आता कामाचं. तुम्हाला हे आत्ता वाचावंसं वाटणार नाही, पण मला थांबता येत नाही.

आम्ही अहवाल छापतो तेव्हा जबानी देणाऱ्याचं खरं नाव छापत नाही. दुसरं नाव देतो, गावही बदलतो. कोणतं खरं नाव कोणत्या नावामागे आहे, ते फक्त जबानी घेणाऱ्याच्या एका वहीत असतं. सहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाचं कुलूप तोडून कोणी फाइली नेल्या आणि आठ दिवसांत तीन साक्षीदारांच्या झोपड्यांवर माणसं गेली. तेव्हापासून मी नियम केला. जबान्या कार्यालयात राहतील, नावांची वही लिहिणाऱ्याच्या घरी. दोन्ही एका छपराखाली ठेवायचं नाही.

वही ठेवणारा माणूसच जाईल, हा विचार नियमात नव्हता. ती चूक माझी.

चिकूच्या वाड्यांतल्या मजुरांवरचा आमचा अहवाल वाचून मानवी हक्क आयोगाने त्यातल्या एका मृत्यूची आपणहून दखल घेतली आहे. १८ मार्चला पालघरला सुनावणी आहे. अहवालातल्या बाईला हजर करा, असा आदेश आहे. ती कोण, कुठली, हे आम्हाला कोणालाच माहीत नाही. सरांची निळ्या पुठ्ठ्याची वही तुमच्या घरात आहे. ती प्रितमकडे नको तर शिपायाकडे द्यावी.

आपली,
मुक्ता मेहेर


डहाणू रोड,
२३ डिसेंबर २०२४

श्रीमती मेहेर यांस,

वस्तू मिळाल्या. डबा न घासता पाठवला आहे.

अशी वही माझ्या घरात नाही. कपाट, पलंगाखालची ट्रंक, माळा, सगळं पाहिलं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, त्यांच्या विम्याचा कागद शोधत होते म्हणून.

तुम्ही ज्या बाईला शोधता तिचं अहवालातलं नाव लिहिण्याचं तुम्ही टाळलं. मी लिहिते. 'जयमाला.' अहवाल आला तेव्हा इथल्या साप्ताहिकात तिचा मजकूर छापून आला होता. माझ्या ऑफिसातल्या रियाने तो मोठ्याने वाचून दाखवला. "जयमालाचा नवरा वाडीत औषध फवारत होता. तोंडाला बांधायला काही दिलं नव्हतं. दुपारी उलट्या सुरू झाल्या. मालकाने त्याला टेम्पोत घालून पाड्यावर आणून टाकलं. दवाखाना वाटेत होता. तो रात्रीपर्यंत जगला." वाचून झाल्यावर रिया म्हणाली, "बाई, पुस्तकात तुमचा नवरा गेला. मग काल तुमचा डबा घेऊन कोण आलं होतं?" सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन ह्यांना विचारलं, नाव माझंच का? म्हणाले, "घाईत सुचलं." या कामाच्या चौदा वर्षांत त्यांनी मला काही खोटं सांगितलं असेल तर ते हे एक.

तुमच्या पुस्तकात मी दोन वर्षं आधीच विधवा झाले होते. आता खरोखर झाले आहे. तुमची बाई तुम्ही शोधा.

ज. दौ. राऊत


डहाणू,
४ जानेवारी २०२५

जयमालाबाई,

नाव घाईत सुचलेलं नव्हतं. आमच्याकडे पद्धत आहे की दिलेलं नाव त्या पाड्यावर कोणाचंच असता कामा नये. नाहीतर त्या नावाच्या दुसऱ्याच बाईला त्रास होतो. पाड्यावर रूपी असते, जिव्या असतो. म्हणून आम्ही आपापल्या घरातली नावं वापरतो. सरांच्या जबान्यांत तुमचा मुलगा पीयूष वीटभट्टीवर आहे. माझ्या जबान्यांत माझी आई आहे. तिला तिसऱ्या पानावर घरातून हाकललं आहे. तिने ते वाचलं आणि मला एवढंच विचारलं की मग ती बाई गेली कुठे. तुम्ही तेही विचारलं नाहीत.

वही घरात नाही, हे मी मानत नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सर प्रितमला म्हणाले होते, "वही घरी आहे. जयमालाला माहीत नाही." प्रितमने कुठे ते विचारलं, तोवर नर्स आली.

आयोगासमोर बाई उभी राहिली नाही तर प्रकरण बंद होईल. अहवाल बनावट होता असं लिहिलं जाईल. म्हणजे सरांनी चौदा वर्षं गोष्टी रचल्या, असं. आणि त्या बाईला पुन्हा कोणी विचारायला जाणार नाही. प्रितम तीन आठवडे पाडे फिरतो आहे. लोक त्याला पाणी देतात आणि गप्प बसतात.

एक स्पष्ट लिहिते. तुमचं माहेर आगर गावचं, चिकूच्या वाडीचं. वाडीवाल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला मजुराच्या जबानीचं काय वाटतं, हे मी या तालुक्यात राहून ओळखते. तुम्ही वही शोधत नसाल तर त्याचं कारण मला तेच दिसतं.

मुक्ता मेहेर


डहाणू रोड,
१९ जानेवारी २०२५

श्रीमती मेहेर यांस,

माझं माहेर काढण्याची गरज नव्हती. माझ्या भावाने, शांताराम चुरींनी, ह्यांच्या वापीच्या दवाखान्याचं बिल मला न विचारता भरलं. तुमच्या केंद्राने हार पाठवला.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माहिती म्हणून विचारते, दुसरा अर्थ काढू नये.

एक, अहवालात बाईच्या जबानीत 'मालक क' असा उल्लेख आहे. सुनावणीत बाई आली आणि तिने नाव घेतलं, तर त्या माणसाचं काय होतं?

दोन, जबानी लिहिल्यावर ती त्या बाईला वाचून दाखवली जाते का? लिहिणाऱ्याच्या मनातलं काही त्यात येऊ शकतं का?

तीन, जबानी घेणाऱ्याच्या ओळखीचा माणूस त्यात निघाला, तर तुमचा नियम काय सांगतो?

उत्तर मुद्द्यापुरतं असावं.

ज. दौ. राऊत


डहाणू,
२५ जानेवारी २०२५

जयमालाबाई,

वही तुम्हाला सापडली आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते. मालकाला आयोग बोलावेल, विचारेल, आणि पोलिसांना नव्याने तपास करायला सांगू शकेल. जबानी दोनदा वाचून दाखवली जाते, दुसऱ्यांदा आठ दिवसांनी. सर तिसऱ्यांदाही दाखवायचे, म्हणून त्यांचं काम नेहमी उशिरा यायचं आणि मी त्यांच्यावर चिडायची. त्यात त्यांच्या मनातलं काही नसतं.

तिसऱ्याला उत्तर देताना मला एक गोष्ट आठवली आणि ती तुम्हाला सांगणं भाग आहे. अडीच वर्षांपूर्वी सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, एक जबानी अर्धी झाली आहे, ती दुसऱ्या कोणाला द्या. मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, बाई ज्याच्याजवळ बोलली त्यानेच ती पुरी करायची. ते पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग उठून गेले आणि पुरी केली.

ती कोणती जबानी, हे मला आज तुमचं पत्र वाचून कळलं. मालक कोण, तेही आता वेगळं विचारायला नको. बिल भरणाऱ्याचं नाव तुम्हीच लिहिलं आहे.

ती वही सरांची नाही, तुमचीही नाही. त्यात ज्यांची नावं आहेत त्यांची आहे. १५ फेब्रुवारीपर्यंत ती आली नाही तर केंद्राचे वकील तुम्हाला नोटीस पाठवतील. सरांच्या पत्नीला नोटीस पाठवायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. पण पाठवीन.

मुक्ता मेहेर


डहाणू रोड,
२२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती मेहेर यांस,

नोटीस मिळाली. आता मी लिहिते ते पूर्ण वाचा.

वही गणपतीच्या मखराच्या खोक्यात होती. दर वर्षी ते खोकं हेच उतरवायचे आणि हेच वर ठेवायचे. यंदा माघी गणपती भावकीकडे जाणार, म्हणून मखर द्यायला मी खोकं काढलं. वहीत बत्तीस नावं आहेत. सतरावी ओळ अशी: 'जयमाला, म्हणजे चंपा हाल्या धोडी, रानशेतजवळचा पाडा. मालक क, म्हणजे शांताराम चुरी, आगर.' एवढंच. पुढे काही नाही.

हे अडीच वर्षं माझ्या भावाच्या पंगतीला बसून जेवत होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दादा चिकूची पाटी घेऊन आला. दर वर्षी आणतो. "ह्या खेपेला फळ साफ आहे," म्हणाला. "फवारणी वेळेवर झाली." चहा घेतला. मग म्हणाला, "जया, दौलतरावांची काही वही-बिही राहिलीय का घरात?"

"कसली वही?"

"अगं, लिहायचे ना ते. गेलेल्या माणसाचे कागद घरात ठेवू नयेत. दे, वाडीत पाला जाळतोच आहोत."

"तुला कोणी सांगितलं वहीचं?"

"केंद्राचा पोरगा पाडे धुंडाळतोय. अख्ख्या डहाणूला माहितीय की त्यांची वही हरवलीय."

तुमच्या प्रितमचा हा पराक्रम. नोंद घ्यावी.

मी विचारलं, "दादा, हाल्या नावाचा कोणी होता का रे तुझ्याकडे?"

"कोण हाल्या? माझ्याकडे असला कोणी नव्हता." त्याने बशी खाली ठेवली. "तुला लोक काहीही सांगतील. दौलतराव होते तोवर मी बोललो नाही. त्या केंद्रवाल्यांनी तुझा नवरा खाल्ला, आता भाऊ खायला निघालेत."

त्यातलं नवऱ्याबद्दलचं मला पटलं. अजून पटतं.

पुढच्या शुक्रवारी रजा काढून मी रानशेतला गेले. तुम्हाला न सांगता गेले, कारण तुम्ही बरोबर माणूस दिला असता. चंपा अंगणात वाल सोलत होती. चाळिशीची असेल. मी कोणाची कोण ते सांगितलं. ह्यांना पाड्यावर भाऊ म्हणत.

"भाऊची बायको तू? तो येत नाय आता. मना वाटला, मालकानं त्याला पन गप केला."

मी सांगितलं, ते वारले.

तिने हातातली शेंग तशीच सुपात टाकली. मग सूप माझ्याकडे सरकवलं. मीही वाल सोलायला लागले.

"कोठं मेला? घरी का दवाखान्यात?"

"दवाखान्यात. वापीला."

"मंग कागद असल तुज्याकडं."

"आहे."

"हाल्याचा नाय. मागाया गेली तं बोलले, नोंद झालीय, ज्यानं केली त्याला विचार. कोनी केली ता मना ठावं नाय. आमच्यातल्या कोनी नाय केली."

मी अठ्ठावीस वर्षं ज्या टेबलावर बसते, तिथल्या कामाची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. मृत्यूच्या नोंदवहीत एक रकाना असतो, खबर देणाऱ्याचे नाव. तो दाखल्यावर येत नाही, वहीतच राहतो. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. बायको म्हणून चंपाचा अंगठा घेतला आणि तिला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. नोंदवहीच्या उताऱ्याला चार दिवस लागले. मरणाचं ठिकाण, राहतं घर. कारण, ताप. खबर देणारा, शांताराम गोविंद चुरी. खाली सही. दादाची सही मी झोपेतही ओळखीन. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या ऐवजी तोच करायचा.

आता जे लिहिते ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

मे २०२२ मध्ये एकदा जेवणाच्या वेळी दादाचा फोन आला होता. "जया, घरी माणूस मेला तर खबर कोणी द्यायची असते?" मला दिवसातून चार जण हे विचारतात. मी सांगितलं, एकवीस दिवसांच्या आत, घरातलं मोठं माणूस. घरातलं कोणी नसेल तर त्या वेळी तिथे हजर असलेला मोठा पुरुष. "आणि डॉक्टरचा कागद?" म्हटलं, पाड्यावर मेलेल्याचा डॉक्टरचा कागद कुठून असणार, कारण तोंडी सांगतात ते लिहितात. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. हे समोर बसून भात कालवत होते. कोण गेलं, एवढं मी विचारलं नाही.

महिनाभराने चंपा ह्यांच्याशी बोलली असणार. तेव्हा त्यांना तो फोन आठवला असेल. मला कधी म्हणाले नाहीत. तिला माझं नाव तेवढं दिलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की माणूस आजारी पडला तर घरी आणून टाकत नाहीत. ते तुमच्यासाठी लिहिलं होतं. तुमच्यासाठी ते अजून तसंच आहे.

तर आता असं. वही तुम्हाला मिळणार नाही. चंपाला मी विचारलं आहे. ती १८ मार्चला येते म्हणाली. मी तिला घेऊन येईन. वहीतलं अक्षर दौलत राऊत यांचंच आहे हे कोणीतरी सांगावं लागेल, ते मी सांगेन. उतारा चंपाच्या नावाने काढला आहे, तो तिच्याकडे आहे. तुमच्या वकिलांना सांगा की नोटीस फाइलला लावली आहे.

केंद्राच्या माणसांजवळ बसायची व्यवस्था करू नये.

ज. दौ. राऊत


डहाणू,
२८ फेब्रुवारी २०२५

जयमालाबाई,

नोटीस मागे घेतली आहे.

वकिलांचं म्हणणं आहे की फोनचं तुम्ही स्वतःहून बोलू नये. तुम्ही सरकारी नोकरीत आहात. तुमच्याकडून खातं खुलासा मागू शकतं, आणि निवृत्तीला तुम्हाला चारच वर्षं आहेत. उताऱ्यावर काम भागेल.

मी सरांना ती जबानी दुसऱ्याला द्यायला नाही म्हटलं, याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. लिहाल असं वाटलं होतं.

दोन खुर्च्या खिडकीजवळ, वेगळ्या ठेवायला सांगते.

मुक्ता मेहेर


डहाणू रोड,
२१ मार्च २०२५

श्रीमती मेहेर यांस,

तुम्ही तिथे होता, तरी मी माझ्या बाजूने लिहून ठेवते. तुमच्या आणि माझ्या कागदांत फरक राहू नये.

शिपायाने दारातून पुकारा केला, "जयमाला हजर?" चंपा हलली नाही. तिला ते नाव माहीत कुठे होतं? ह्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की तुझं नाव झाकून ठेवतो. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी तिला कोपराने ढकललं. "तुला बोलावतायत." ती म्हणाली, "मना नाय. तुला." आयोगाच्या सदस्यांनी वर पाहिलं. मी उभी राहून सांगितलं की हे माझं नाव आहे, पण साक्ष हिची आहे.

ती काय बोलली ते तुम्ही लिहून घेतलंच असेल. टेम्पोला मागे ताडपत्री होती आणि हाल्या तिच्याखाली होता, हे अहवालात नव्हतं. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

दादा म्हणाला, हाल्या धोडीला मी ओळखत नाही. सदस्यांनी उतारा पुढे केला. "सही तुमची? मग ओळखत नसलेल्या माणसाच्या मरणाला त्याच्या झोपडीत तुम्ही हजर कसे होता?" दादाने सदस्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "बहिणीने सांगितलं तसं भरलं," म्हणाला.

तुमचे वकील माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवत होते. मी उठले आणि म्हटलं, हो, मी सांगितलं. कोणासाठी ते विचारलं नाही. ते त्यांनी टिपून घेतलं. खुलाशाची नोटीस कालच टेबलावर आली आहे. रियाने ती मनात वाचली आणि माझ्यासमोर ठेवली.

निर्णय राखून ठेवला आहे. काय व्हायचं ते होईल. वहिनीचा फोन येऊन गेला. ती म्हणाली, ह्या दारात पुन्हा येऊ नका. चाळीस वर्षांत वहिनी मला पहिल्यांदा 'अहो' म्हणाली.

आता तुमच्याशी जे आहे ते.

तुम्ही ह्यांना ती जबानी पुरी करायला लावली, याबद्दल मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं हे मला कळत नाही. तुम्ही हो म्हटलं असतंत तर ह्यांना माझ्यासमोर अडीच वर्षं गप्प बसावं लागलं नसतं. चंपालाही कोणी तिसऱ्यांदा वाचून दाखवलं नसतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकही मी तुम्हाला माफ करत नाही.

प्रितम वापीच्या दवाखान्यात चारही दिवस बाकावर बसून होता. औषधं त्यानेच आणली. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं, तेव्हाही मला ते माहीत होतं. नोंद अपुरी राहू नये म्हणून लिहिते. राग कमी झाला असा अर्थ काढू नये.

वहीत आणखी एकतीस नावं आहेत. ती माझ्या घरीच राहतील, तुमचा नियम तसाच आहे. ज्याचं नाव तुम्हाला हवं असेल त्याचं अहवालातलं नाव लिहून पाठवा. मी रविवारी जाऊन त्या माणसाला विचारून येईन. तो हो म्हणाला तर कळवीन. नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नये.

शेवटचं. पालघरहून येताना एसटीत चंपाने विचारलं, पुस्तकात माजा नाव का नाय? मी सांगितलं, तुला त्रास होऊ नये म्हणून.  डहाणू आलं तेव्हा ती म्हणाली, "जा झाला ता झाला. आता माजा लिव."

तेव्हा पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा त्या पानावर 'चंपा हाल्या धोडी' असं छापा. तिची संमती अंगठ्यासह सोबत जोडली आहे. माझं नाव तिथून काढा. माझा नवरा वेगळा होता, वेगळ्या कारणाने गेला आणि त्याची नोंद वेगळ्या वहीत आहे.

माझं नाव मला परत हवं. खुलाशाखाली सही करायची आहे.

जयमाला दौलत राऊत